मदत हवी आहे: मल मऊ असूनही पोट साफ होत नाही, दोष ओटीपोटाच्या स्नायूंचा असू शकतो का? (नाशिक)

नमस्कार. विषय अवघड आहे, घरातही धड बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

वय ४३, राहायला इंदिरानगर, शाळेत शिक्षिका. दोन बाळंतपणं, दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. शाळा सकाळची. कळ येते ती नेमकी तिसऱ्या तासाला. वर्ग सोडून जाता येत नाही, आणि शाळेतल्या स्वच्छतागृहात जायला नको वाटतं. मग दाबून धरायची. घरी येईपर्यंत कळ गेलेली असते. बारा-तेरा वर्षं हेच चाललंय.

बद्धकोष्ठ म्हटलं की सगळे पाणी पी, पालेभाज्या खा असं सांगतात. पण माझा मल कडक नसतो! रोज जाते, तरी वीस-पंचवीस मिनिटं कुंथत बसावं लागतं. दाराशी येऊन अडकल्यासारखं होतं आणि उठल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. दुपारपर्यंत गुबारा धरतो. चौथ्या तासानंतर स्टाफरूमच्या कोपऱ्यात जाऊन परकराची नाडी सैल करते तेव्हा कुठे श्वास नीट घेता येतो.

इसबगोल झालं, त्रिफळा झाला, सासूबाईंनी एरंडेलही दिलं. इसबगोलाने तर पोट आणखीच भरल्यासारखं होतं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन नॉर्मल. गेल्या वर्षी कोलोनोस्कोपीही केली, त्यातही काही निघालं नाही. त्यानंतर एका दवाखान्यातून “टेन्शन घेऊ नका” एवढंच सांगून घरी पाठवलं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, “आता शौचाला बसल्यासारखा जोर लावा.” मी लावला. “अहो, तुम्ही सोडत नाही आहात, आवळताय.” पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मी जीव तोडून जोर लावत होते आणि माझंच शरीर आतून दार ओढून धरत होतं. मला हे इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. तिथेच रडू आलं. बाईंनी मॅनोमेट्री (गुदमार्गातला दाब मोजायची तपासणी) आणि फुग्याची चाचणी लिहून दिलीय, आणि त्यानंतर बहुधा बायोफीडबॅक (यंत्राच्या मदतीने स्नायू सोडायला शिकणं) घ्यावं लागेल म्हणाल्या.

नाशिकमध्ये कुणी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी घेतलीय का? की मुंबई-पुण्याच्याच फेऱ्या? दुसरं म्हणजे, खोकताना लघवीचा थेंब जातो म्हणून तीन वर्षं व्हिडिओ बघून केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम) करतेय, आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा गट आहे, तिथे प्लँक आणि दिवसभर पोट आत ओढून धरायची सवय लावलीय. हे चालू ठेवू का? यानेच तर बिघडत नाहीये ना?

*

प्रतिसाद: गोदाकाठ_फिजिओ

ताई, पोटविकारतज्ज्ञांनी मुळावर बोट ठेवलंय. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मलाशयाच्या खालच्या टोकाला मागून गोफणीसारखा वळसा घालणारा एक स्नायू असतो, प्युबोरेक्टॅलिस. त्याची दोन्ही टोकं पुढे, जांघेच्या मधल्या हाडाला बांधलेली. एरवी ही गोफण ताणलेली असते, त्यामुळे मलाशय आणि गुदमार्ग यांच्यात जवळपास काटकोन होतो. पाण्याच्या नळीला मुडप पडला की धार थांबते ना, तसं. चालता-फिरताना आपला ताबा राहतो तो बराचसा यामुळे. शौचाला बसल्यावर गोफण सैल व्हायला हवी, म्हणजे मुडप उघडतो. तुमच्या बाबतीत पोटाचा जोर खाली येतो त्याच क्षणी गोफण आवळली जाते. याला डिससिनर्जिक डेफिकेशन म्हणतात. इसबगोल मलाचं आकारमान वाढवतं, तो मऊ ठेवतं. मुडप उघडणं त्याच्या हातात नाही. दार बंद आणि मागून गर्दी वाढलेली, म्हणून तुम्हाला जास्त भरल्यासारखं होतं.

वर्षानुवर्षं कळ दाबणं म्हणजे या स्नायूला रोज आवळण्याचाच धडा देणं. शिक्षिका, नर्स, बसच्या वाहक, सगळ्यांची हीच कथा ऐकते मी.

केगल तूर्त थांबवा. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. ज्याला सोडताच येत नाही त्याला आणखी आवळायला शिकवून उपयोग नाही. थेंब जातो म्हणजे स्नायू सैलच असणार, असंही नाही. जो सतत ताठ असतो त्याच्याकडे खोकल्याच्या क्षणी आणखी आवळायला जागाच उरत नाही. नेमकं काय आहे ते तपासूनच कळेल.

पोटाचं म्हणाल तर, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढे पोटाची भिंत आणि मागे कण्याचे स्नायू, असा तो एक डबा आहे. श्वास घेताना पटल खाली येतं, तेव्हा तळही किंचित खाली सरकतो. सोडताना दोन्ही वर. दिवसभर पोट आत ओढून धरलं की ही हालचालच थांबते आणि तळ आखडून बसतो. प्लँक वाईट नाही, पण श्वास कोंडून केलेला प्लँक सध्या नको. गुबाऱ्याचंही तसंच आहे. काही जणांच्या पोटात हवा फारशी वाढलेली नसते, पण जेवल्यावर पटल खाली दाबलं जातं, पोटाची भिंत सैल पडते आणि पोट पुढे येतं.

आजपासून एवढं करून बघा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर. श्वास घेताना हात वर यायला हवा, खांदे नाही. त्याच वेळी बैठकीची जागा गादीवर पसरतेय अशी कल्पना करा. आधी काहीच जाणवणार नाही, आठवड्याभराने जाणवेल. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्या, गुडघे कंबरेच्या वर, कोपरं मांडीवर. दात आवळू नका, तोंड उघडं ठेवून लांब ‘हाऽऽ’ करत पोट पुढे येऊ द्या. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, कुंथत बसू नका. सकाळी झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, ती वेळ साधा.

बायोफीडबॅकमध्ये गुदमार्गात बारीक सेन्सर ठेवतात आणि आवळणं-सोडणं पडद्यावर रेषेत दिसतं. रेष खाली आणायला शिकायचं. साधारण पाच-सहा बैठका लागतात. या तक्रारीत जुलाबाच्या औषधांपेक्षा याचा गुण जास्त येतो, हे तुलनात्मक चाचण्यांत दिसलंय. नाशिकमध्ये फोन करून आधीच विचारा: पेल्विक फ्लोअर बघता का, आतून तपासणी करता का, यंत्र आहे का. सगळे फिजिओ हे करत नाहीत.

*

प्रतिसाद: पंचवटीची_आजी

बाळा, आमच्या वाड्यात उकिडवं बसायचाच संडास होता. फ्लॅटमध्ये आल्यावर मलाही तुझ्यासारखंच व्हायला लागलं. सून म्हणाली पाट घ्या पायाखाली. बराच फरक पडला. आणि कळ दाबू नकोस गं, आमचे वैद्य हे फार बजावून सांगायचे.

*

प्रतिसाद: सातपूरकर

ताईंच्या तपासण्या झाल्यात, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही मूळव्याध समजून सहा महिने घालवले.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा ‘बाळा’ वाचून बरं वाटलं.

चाचण्या झाल्या. मलाशयात ५० मिली पाण्याचा छोटा फुगा ठेवतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. एका मिनिटाच्या आसपास जमायला हवं, मला तीन मिनिटांतही जमलं नाही. निदान तेच आलं. नाशिकमध्येच एक फिजिओ मिळाल्या, चार फोन करावे लागले. दोन बैठका झाल्यात. पहिल्या दिवशी पडद्यावरची रेष खाली यायलाच तयार नव्हती. त्या म्हणाल्या, जबडा सैल सोडा. सोडला आणि रेष घसरली. मी दोनदा करून पाहिलं, खरंच घसरली.

पोट ओढून धरायचं सोडलंय. पाट आणलाय. अजून रोज जमत नाही, पण गेल्या आठवड्यात तीन दिवस सात-आठ मिनिटांत मोकळी झाले.

आणि मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. कसं बोलायचं याचा दोन दिवस सराव केला होता, पण त्यांनी पुढचं विचारलंच नाही. सोमवारपासून तिसरा तास मोकळा मिळालाय. स्टाफच्या स्वच्छतागृहाची कडी कित्येक महिने तुटलेली आहे, ती या शनिवारी स्वतः आणून बसवून घेतेय.