त्रास थांबला म्हणजे सूज गेली असं नाही

"चार महिने काहीच त्रास नाही, म्हणजे निदानच चुकलं असणार" असं एका रुग्णाने लिहिलेलं वाचून पोटात कालवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला वारंवार सूज येण्याचा दीर्घकालीन आजार) आहे असं कळल्यावर पहिलं वर्षभर मीही स्वतःला हेच समजावत होते. शौचातून रक्त पडायचं थांबलं तशी मेसालामाइनच्या, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढे त्रास उलटला तो आधीपेक्षा जास्त, आणि स्टेरॉइड घ्यावी लागली.

एका तपासणीबद्दल म्हणूनच सांगावंसं वाटतं: शौचाच्या नमुन्यातलं फीकल कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन मलात उतरतं. ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर साधारणपणे ठीक मानतात. २५० च्या वर गेलं की सूज सक्रिय असल्याचा संशय बळावतो, अगदी पोट शांत असलं तरी. आयबीएसमध्ये (आतड्याला सूज नसताना पोट वारंवार बिघडण्याचा त्रास) हा आकडा सहसा वाढत नाही, म्हणून "मला फक्त आयबीएस असेल का?" या शंकेलाही याची मदत होते. जंतुसंसर्गाने किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही तो चढतो, तेव्हा एकाच रिपोर्टवर घाबरून जाऊ नका.

'बरी झाले' ऐवजी 'आजार सध्या शांत आहे' म्हणायला मला फार दिवस लागले. पण तो आकडा कागदावर दिसायला लागल्यापासून स्वतःशी वाद घालणं थांबलं. कृपया गोळ्या सोडायच्या आधी डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा.