जीआय मिळालं, पण चामड्याला पैसे कुठून?
'कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (ठरावीक भागात बनणाऱ्या वस्तूचं नाव राखणारं मानांकन) मिळालं, आता कारागिरांचं भलं होईल' असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. नाव राखलं जाईल, पण चामड्याला रोख पैसे लागतात. व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतलं की तयार जोडाचा भाव तोच ठरवतो, हे मी जवळून पाहिलंय. चपलेवरची चामड्याची वेणी घालणाऱ्या मावशींच्या बोटांना घट्टे पडलेले, मजुरी मात्र जोडामागे किरकोळ! केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांना विनातारण १ लाखापर्यंतचं पहिलं कर्ज ५ टक्के व्याजानं मिळू शकतं. त्यांचा अर्ज भरून द्यायला गल्लीतल्या शिकलेल्या पोरांनी बसावं. आणि आपण दिवाळीचे जोड गणपतीतच सांगावेत, निम्मे पैसे आगाऊ देऊन. तेवढ्यात चामडं रोखीनं येतं.