आयशरच्या १४ फुटी बॉडीत रेकॉर्डिंग व्हॅन : हात कुठे आखडता घ्यावा?

गोदाकाठ_३२ट्रॅक
नमस्कार मंडळी. आयशरची १४ फुटी बंद बॉडी आहे. लायनिंग झाल्यावर आतून रुंदी ६ फूट आणि उंचीही ६ फूटच उरेल. नाशिक आणि आसपासची कीर्तनं, शास्त्रीय मैफली, ढोल पथकं यांचं ३२ ट्रॅकचं (प्रत्येक माइकचा आवाज वेगळा) रेकॉर्डिंग गाडीत बसून करायचं आहे. इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) ठरलाय. स्टेजवरचा सिग्नल, वीज, आतलं ट्रीटमेंट आणि मॉनिटर स्पीकर एवढं राहिलंय. पैसे सगळ्याला पुरणार नाहीत, कशात काटकसर चालेल?

धुमा_आणि_चाट
स्पीकरमध्ये करा. ६ बाय ६ च्या डब्यात महागडा स्पीकरही खोटंच बोलणार.

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा. १.८३ मीटर अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला अनुनाद (खोली स्वतःच घुमते तो सूर) ९४ हर्ट्झच्या आसपास येतो. तुमची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे दोन्हीकडून तोच सूर धरला जाणार. त्यात तुम्ही मधोमध खुर्ची टाकणार. कान रुंदीच्या बरोबर मध्यावर आणि उंचीच्याही जवळपास मध्यावर. नेमका तिथेच ९४ जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीपाशी गेलं की घुमतो. डग्गा आणि पखवाजाचा धुमा (खर्जाची डावी बाजू) याच पट्ट्यात बोलतात. गाडीत धुमा कमी वाटतो म्हणून तुम्ही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर नेता, आणि बाहेर तीच फाइल लावली की नुसती गुरगुर.

बॉडी अजून बांधायची असेल तर आतली उंची ७ फूट घ्या. तो अनुनाद ८० वर सरकतो, दोघं एकमेकांवर चढत नाहीत. मागची भिंत आणि छत यांना ४८ किलो घनतेचं १०० मिलिमीटर रॉकवूल (दगडी लोकर), त्यामागे ५० मिलिमीटर पोकळी. वरून घट्ट विणीचं कापड हवंच, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी तंतू झडून फेडरमध्ये जातात. अंड्याचे ट्रे आणि दीड इंची फोम लावू नका. वरचा आवाज मरतो, खालचा तसाच राहतो, शिवाय फोम पेट घेतो. तोंड केबिनकडे करून बसा, कान पुढच्या भिंतीपासून साधारण ५ फुटांवर. धुम्याचा निर्णय मात्र चांगल्या हेडफोनवरच घ्या.

बॉडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२.

न्यूट्रल_बघा_आधी
विजेत एक रुपयाही वाचवू नका. मांडवातली लाइन तात्पुरती असते. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला की एखाद्या सॉकेटला २३० ऐवजी ४०० च्या घरात व्होल्टेज येतं आणि सगळे ॲडॉप्टर एका क्षणात जातात.

प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत. तिसरं माप ५ च्या वर गेलं तर न्यूट्रलवर भार जास्त आहे. बहुतेक वेळा कारण लाइटचे डिमर असतात; त्यांचे तिसरे हार्मोनिक (१५० हर्ट्झचे प्रवाह) तिन्ही फेजचे मिळून न्यूट्रलमध्ये साचतात. फेज-अर्थ शून्याच्या जवळ आलं तर अर्थ जोडलेला नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, ती लाइन घेऊच नका.

गाडीत शिरताना क्रम असा: ३२ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, १८० च्या खाली आणि २६० च्या वर तोडणारा व्होल्टेज रिले, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), मग १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून बाहेरच्या लाइनपासून वेगळं करणारा), त्यापुढे ऑनलाइन यूपीएस (सतत इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा). एसी यूपीएसवर टाकू नका, त्याला आरसीसीबीनंतर वेगळी लाइन द्या. ट्रान्सफॉर्मरनंतर नवा न्यूट्रल तयार होतो. तो गाडीच्या अर्थला एकाच ठिकाणी बांधायचा आणि त्यापुढे दुसरी आरसीसीबी बसवायची, कारण पहिलीला ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती दिसत नाही.

कॉपर_की_काच
स्टेजवर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह स्प्लिटर (एका माइकचा सिग्नल दोन ठिकाणी देणारा, विजेविना चालणारा डबा) लावा. थेट बाजू साउंडवाल्याकडे, आयसोलेटेड बाजू तुमच्याकडे. ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) थेट बाजूनेच जातो, म्हणजे तो साउंडवाल्याच्या मिक्सरमधून चालू हवा. हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर कंडेन्सर माइक मुके आणि दोष तुमच्या गाडीवर. ५० हर्ट्झची घूं आली तर स्प्लिटरवरचं त्या चॅनेलचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थ पिन काढून घूं घालवण्याची सवय जिवावर बेतते, कुणी सुचवली तरी ऐकू नका.

गोदाकाठ_३२ट्रॅक
मनापासून आभार. उंची ७ फूट करतोय. पंचवटीत गर्दीच्या दिवशी गाडी घाटापर्यंत जाणार नाही, लांबच उभी राहील. स्टेजपासून गाडीपर्यंत कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) पुरेल का?

कॉपर_की_काच
डांटे (नेटवर्क केबलवरून अनेक चॅनेल नेणारी पद्धत) असेल तर एका तुकड्याला १०० मीटरची हद्द, आणि वळणं, चढउतार धरले की ते पटकन संपतात. शिवाय तांब्याची शिल्डेड केबल दोन वेगळ्या अर्थना जोडते. ऑप्टिकलला (काचेच्या तंतूंच्या केबलला) तो प्रश्नच नाही. ड्रमवर गुंडाळलेली, मिलिटरी जातीची चार तंतूंची केबल घ्या. दोन तंतू मुख्य, दोन राखीव. टोपण काढलं की टोक आधी पुसायचं, मगच जोडायचं. एका धूलिकणाने लिंक तुटक चालते आणि केबल तुटलीय असं वाटत राहतं.

साठवणीचा हिशोब : ३२ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे तासाला साधारण १६.६ जीबी. दोन वेगवेगळ्या एसएसडींवर एकाच वेळी लिहा. फिरती हार्ड डिस्क मांडवाखाली ढोल सुरू झाले की अडखळते.