मिरच्यांची धुरी नको, ज्वारीचं पीठ टाका

सर्पमित्राच्या बरणीतून सुटलेला साप दोन दिवस घरातच दडून आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि त्यावर कुणीतरी मिरच्यांची धुरी द्यायला सांगितलं. ते नका करू बापा. धुरीने साप दाराकडे येईलच असं नाही. छपराच्या कवेलूच्या फटीत नाहीतर कोठीमागे आणखी आत सरकतो, खोकून हैराण होतो ते आपण. फिनाइल-लसणाचाही उपयोग नाही.

आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा) असंच झालं होतं तेव्हा कामी आलं ज्वारीचं पीठ. निजताना सगळ्या उंबऱ्यांवर आणि भिंतीच्या कडेने पातळ थर पसरला, कारण साप बहुतेक भिंत धरूनच चालतो. सकाळी नागमोडी रेघ तुरीच्या पोत्यांकडे गेलेली! मग तेवढीच खोली बंद केली, दाराखाली गोणपाट कोंबलं आणि सर्पमित्राला पुन्हा बोलावलं. पोती त्यानेच काठीने सरकवली, आम्ही हातही लावला नाही.

तुम्ही 'कवड्याच आहे, बिनविषारी' म्हणता, पण नीट पाहिलं कोणी? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. विषारी मण्यारीचं उलटं. ती रात्री फिरते, अंथरुणात शिरते, आणि चावलेलं कधी कधी कळतही नाही. साप सापडेपर्यंत खाली निजू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चुलीजवळच्या पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) हाताने उपसू नका.

सर्पमित्र येत नसेल तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा. चावलाच तर मांत्रिक नाही, थेट १०८.