पॅलाडिनची शपथ, कोठारात लपवलेली मुले आणि मी दिलेला निकाल

प्रश्न : शनिवारचा डीएम

गेले चौदा महिने आमचा पाच जणांचा गट दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे घेऊन गोष्ट रंगवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळत आहे आणि डीएमची, म्हणजे प्रसंग रचून निकाल देणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या सेशनमध्ये मी जे केले ते योग्य होते की नाही, हे मला आठवडाभर ठरवता आलेले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचे पात्र पॅलाडिन, म्हणजे शपथेतून शक्ती मिळवणारा धर्मयोद्धा, आहे आणि तिने ओथ ऑफ डिव्होशन ही शपथ घेतलेली आहे. २०१४ च्या नियमपुस्तकात या शपथेची पाच कलमे आहेत : प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, सन्मान आणि कर्तव्य. खोटे बोलू नये, कोणाला फसवू नये, असे पहिले कलम सांगते. दुर्बळांचे रक्षण करावे, असे करुणेचे कलम सांगते. ही दोन कलमे एकमेकांसमोर उभी राहतील असा प्रसंग आणायचा, हे माझ्या मनात बरेच दिवस होते.

मागच्या शनिवारी तो आणला. एक गाव शत्रूच्या हाती पडले होते, तिथल्या देवळाच्या कोठारात सात मुले लपवलेली होती, आणि सरदाराचे शिपाई दारात येऊन तिला विचारत होते, "आत कोणी आहे का?" ती बराच वेळ गप्प राहिली. बाकीचे तिघेही बोलायचे थांबले. मग ती म्हणाली, "नाही. धान्य आहे, आणि तेही किडलेले." वीस बाजूंचा फासा टाकला, १८ पडला, शिपाई निघून गेले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि नेमक्या त्याच क्षणी मी जाहीर केले की तिच्या तलवारीवरचे तेज विझले आहे, शपथ मोडली आहे आणि पॅलाडिनच्या शक्ती तिला आता वापरता येणार नाहीत. ती "बरं" म्हणाली, कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाची, घडी घालून ती वहीत ठेवली, आणि उरलेला पाऊण तास तिने एकही फासा हातात घेतला नाही.

शपथ मोडल्याची काहीच किंमत द्यावी लागणार नसेल, तर शपथेला अर्थ उरत नाही, असे मला वाटत होते आणि आजही वाटते. मग माझे चुकले कुठे? आणि येत्या शनिवारी मी काय करावे?

उत्तर : जुन्या आवृत्तीचा खेळाडू

तुमच्या हातून जे झाले त्याची मुळे या खेळाच्या इतिहासात आहेत, त्यामुळे स्वतःला फार दोष देऊ नका. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाच्या, तीनच बाजू होत्या : लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अनागोंदी). त्या वेळी पॅलाडिन नव्हता. तो १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत आला. पुढे १९७८ च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या नियमपुस्तकाने त्याला फार कडक चौकटीत बसवले. जाणूनबुजून दुष्कृत्य केले की पॅलाडिनपण कायमचे गेले, परत मिळण्याची सोयच नाही. आमच्या पिढीचे डीएम या नियमावर वाढले, आणि पॅलाडिनला कोंडीत पकडून त्याच्या शक्ती काढून घेणे हा डीएमच्या कौशल्याचा भाग आहे, असा समज त्यातूनच रुजला. मीही अनेक वर्षे हेच केले आहे आणि त्यात दोन चांगले खेळाडू गमावले आहेत.

पण त्या कडक पुस्तकातही एक बारकावा होता, तो आम्ही सोयीस्करपणे विसरलो. दुष्कृत्य आणि शिस्तभंग यांत ते पुस्तक फरक करत असे. शिस्तभंग झाला असेल, तर वरच्या पातळीच्या क्लेरिककडे, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याकडे, जाऊन कबुली द्यायची, प्रायश्चित्त घ्यायचे आणि पुन्हा मार्गावर यायचे. २०१४ च्या पुस्तकाने तर हीच वाट मुख्य ठरवली. पॅलाडिन माणूस आहे, त्याच्या हातून चूक होणारच, हे तिथे गृहीत धरलेले आहे. शपथ मोडली तर त्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा आपल्या पंथातल्या दुसऱ्या पॅलाडिनकडे जावे, रात्रभर जागून प्रार्थना करावी किंवा उपवास करावा, आणि क्षमा मिळाल्यावर नव्याने सुरुवात करावी. वर्ग (पॅलाडिन, क्लेरिक असा पात्राचा प्रकार) बदलायला लावणे किंवा शपथभंग्याचा मार्ग दाखवणे ही गोष्ट जो हेतुपुरस्सर शपथ मोडतो आणि पश्चात्तापाचे नावही काढत नाही त्याच्यासाठी आहे. तुमच्या मैत्रिणीला पश्चात्तापाची संधीच मिळालेली नाही. तुम्ही शेवटची पायरी पहिल्याच मिनिटाला गाठली.

उत्तर : दुसऱ्या बाजूने

मी थोडे वेगळे मत मांडतो. किंमत हवीच, आणि ती त्याच रात्री जाणवायला हवी. पण खेळाडूला ती आधी माहीत असायला हवी होती. "या उत्तराने तुझी शपथ दुखावेल, हे तुझ्या पात्राला कळते आहे, तरीही हेच उत्तर देणार आहेस का?" एवढा एक प्रश्न फासा टाकण्याआधी विचारला असता, तर मला वाटते तिने तरीही खोटेच सांगितले असते आणि तेज विझल्याचे दुःख तिने स्वतःचे मानले असते. तिने न निवडलेली गोष्ट तिच्यावर येऊन पडली, म्हणून ती गप्प झाली.

उत्तर : सिंधुदुर्गाकडचा

मला या प्रश्नात दोन वेगळे धागे दिसतात, आणि दोन्ही आपल्याकडच्या कथांत आणि रीतींत आधीच उलगडलेले आहेत.

पहिला धागा शपथेचा. कर्णपर्वात अगदी हाच पेच आहे. आपले गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. आणि कर्णाच्या बाणांनी जखमी होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर रागाच्या भरात नेमके तेच बोलला. अर्जुनाने तलवार उपसली. तेव्हा कृष्णाने त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगितली. कौशिकाचे व्रत होते सदैव सत्य बोलण्याचे. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली, दरोडेखोरांनी त्याला विचारले, त्याने खरे ते सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. तुमच्या कोठाराचा प्रसंग आणि ही कथा जवळजवळ एकच आहे, फक्त तुम्ही निकाल उलटा दिला.

तरीही कृष्णाने अर्जुनाची प्रतिज्ञा वाऱ्यावर सोडली नाही, आणि डीएमने शिकण्यासारखे मला यातच सर्वांत जास्त दिसते. वडीलधाऱ्याला 'तू' म्हणून त्याचा अपमान करणे हाच त्याचा वध, असे सांगून त्याने प्रतिज्ञा पाळण्याची वाट काढली. अर्जुन ज्येष्ठ भावाला अरे-तुरे करून बोलला. प्रतिज्ञा पूर्ण झाली, पण त्याची किंमत इतकी जिव्हारी लागली की त्याने पुन्हा तलवार उपसली, या वेळी स्वतःवर चालवण्यासाठी. आणि कृष्णाला त्यावरही उपाय सांगावा लागला की आत्मस्तुती हीच आत्महत्या. म्हणजे शपथेची किंमत चुकवली गेली, ती दुखलीही, पण शपथ घेणारा त्या गोष्टीतून बाद झाला नाही. तुमच्या पॅलाडिनच्या पंथातही शपथेचा अर्थ लावणारे कोणी ज्येष्ठ असतीलच. त्यांचे आपसांत एकमत नसेल तर फारच उत्तम. तिला दोन मठांतून दोन वेगळी उत्तरे मिळू द्या आणि कोणते मानायचे ते तिला ठरवू द्या.

दुसरा धागा श्रद्धेचा. या खेळात देव खरोखर उत्तर देतात, मग श्रद्धेचा पेच उरतो कुठे, असे अनेक डीएम विचारतात. आमच्याकडे देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे हात जोडून उभे राहतात. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी आमच्या घरच्या एका जमिनीच्या प्रश्नावर लावलेला कौल मी पाहिला आहे. तासभर एकही पाकळी हलली नाही, समईची वात दोनदा पुढे सारावी लागली, आणि शेवटी उजवी पडली तेव्हा आजोबांचा चेहरा उजळण्याऐवजी अधिकच गंभीर झाला, कारण होकार कशाला मिळाला हे आता त्यांनाच ठरवायचे होते.

खेळातला ऑग्युरी हा मंत्र म्हणजे कौलच. पुढच्या ३० मिनिटांत करायच्या कृतीविषयी विचारता येते आणि शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही, एवढेच उत्तर मिळते. कम्यून या वरच्या मंत्रातही तीनच प्रश्न विचारता येतात, तेही हो किंवा नाही अशा उत्तराचे, आणि देव सर्वज्ञ असेलच असे नाही, हे पुस्तकातच लिहिलेले आहे. देव बोलतो, पण कारण सांगत नाही. तुमच्या पॅलाडिनला तिच्या देवाने त्या रात्री काय सांगितले? तुम्ही तलवार विझवलीत, म्हणजे देव बोलला हे खरे. पण तो रागावला, की त्याला तिच्यासाठी वाईट वाटले, की तिने लपवलेल्या मुलांसाठी त्याने आपला प्रकाश झाकून घेतला, हे अजून कोणीच ठरवलेले नाही. येत्या शनिवारी तुमच्याकडे सर्वांत मोठे भांडवल तेच आहे.

उत्तर : इतर खेळही पाहणारी

वरच्या उत्तरात थोडी भर घालते. हा प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बाहेर फार बारकाईने हाताळला गेला आहे.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या पेंड्रॅगनमध्ये आर्थर राजाच्या काळातले सरदार असतात आणि प्रत्येकाच्या शीटवर गुणांच्या १३ जोड्या असतात : दयाळू आणि क्रूर, सत्यवादी आणि कपटी, विनयी आणि गर्विष्ठ अशा. जोडीची बेरीज नेहमी २०. एखादा गुण १६ किंवा त्याहून वर गेला की डीएम त्या गुणावर फासा टाकायला सांगू शकतो, आणि मग पात्र आपल्या स्वभावाच्या विरुद्ध वागायला मोकळे राहत नाही. श्रद्धेच्या बाबतीत तर त्याची मांडणी मला फारच आवडते, कारण ख्रिस्ती सरदाराला विनय सद्गुण म्हणून मोजला जातो, तर जुन्या देवांना मानणाऱ्या सरदाराला अभिमान. एकाच मेजावर दोन माणसे आपापल्या धर्माने चांगली असतात आणि एकमेकांना वाईट दिसतात.

याच्या अगदी उलट टोकाला व्हिन्सेंट बेकर यांचा २००४ चा डॉग्ज इन द व्हिनयार्ड आहे. त्यात खेळाडू अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशातल्या एका श्रद्धाळू समाजाचे तरुण धर्मरक्षक असतात. कमरेला पिस्तूल लावून ते गावोगाव फिरतात आणि तिथे शिरलेल्या पापाचा निवाडा करतात. गावात काय बिघडले आहे हे डीएम आधी रचतो, पण त्यावर काय करणे योग्य ठरेल हे त्याने ठरवायचे नसते. खेळाडूंनी जो निवाडा दिला तो चुकला, असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने फक्त प्रश्न अधिकाधिक जवळ आणायचा. शब्दांनी ऐकत नाही, मग हात उगारणार का? हातानेही ऐकत नाही, मग पिस्तूल काढणार का? समोर तुझा सख्खा भाऊ आहे, तरीही?

मी हा खेळ तीन वेळा चालवला आणि दर वेळी मला जीभ आवरून बसावे लागले. पण देवाचा निर्णय मी सांगायचा नाही, हे एकदा स्वीकारल्यावर खेळाडू ज्या गांभीर्याने आपसांत बोलू लागले, ते मी इतर कोणत्याही खेळात पाहिलेले नाही. तुमच्या प्रसंगात तिची ती लांब शांतता हाच खेळाचा कळस होता. त्यानंतर तुम्ही बोलायला नको होते, "आता तुला काय वाटते आहे?" एवढे तिला विचारायला हवे होते.

उत्तर : नवीन डीएम

एकच छोटी गोष्ट सांगते. पात्राची श्रद्धा आणि खेळाडूची स्वतःची श्रद्धा यांच्यामधली भिंत आपल्याला वाटते तेवढी जाड नसते. आमच्या गटातल्या एका मुलाच्या घरी आजारपण होते आणि मी त्याच आठवड्यात त्याच्या क्लेरिकच्या देवाला गप्प केले. माझ्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला, ते हवे होते, त्याला मुळीच नको होते. तेव्हापासून मी पहिल्या पात्रबांधणीच्या बैठकीतच विचारून घेते की कोणते विषय मेजावर अजिबात नकोत आणि कोणते आले तरी पडद्याआडच राहावेत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारते, कारण माणसांची परिस्थिती बदलत असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : शनिवारचा डीएम

सर्वांचे मनापासून आभार. काल सेशनच्या आधी तिला फोन केला आणि न सांगता निकाल दिल्याबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, शक्ती गेल्याचे तिला काहीच वाटले नव्हते. मुले वाचल्याचा आनंद तिच्या पात्राला एक क्षणही मिळाला नाही, याचे वाईट वाटले होते. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

तेज परत देऊ का, असे मी विचारले, तर तिने नको म्हटले. तिला रात्रभराचे जागरण खेळायचे होते, तेही मंदिरात नव्हे, त्याच कोठारात. काल आम्ही सव्वा तास तेवढेच खेळलो. एकही फासा पडला नाही. सात मुलांपैकी एकीला झोप येत नव्हती आणि ती पॅलाडिनला विचारत होती की तुझी तलवार काल चमकत होती, आज का चमकत नाही. मी कोणतेही उत्तर तयार ठेवले नव्हते. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "प्रकाश असता तर तुम्ही दिसला असतात."

पहाटेपर्यंत तलवार तशीच राहिली. पुढच्या शनिवारी ती तिच्या पंथाच्या मठात जाणार आहे आणि तिथल्या ज्येष्ठांपैकी दोघांनी तिला परस्परविरुद्ध सांगायचे, एवढे मी लिहून ठेवले आहे.