अक्का म्हणाली "त्याग मी कधी केला?" मग त्याग, बळी, कुर्बानी यात फरक काय मानायचा?

गिरणीचा_भोंगा :

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घरगुती आहे पण इथं संस्कृतवाले, बुद्धिबळवाले सगळेच आहेत म्हणून विचारतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात जुळे सोलापुरात आमच्या नवीन घराची वास्तुशांत झाली. गुरुजींनी भात, उडीद, गुलाल आणि वर दिवा असा बळी काढला, मी तो मागं न बघता चौकात ठेवून आलो. दुपारी पंगतीत पाहुणे म्हणाले दोन शब्द बोल, तर मी उभा राहून बोललो की हे घर माझ्या अक्काच्या त्यागावर उभं आहे. मनापासून बोललो. १९९६ ला वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा अक्का नववीत होती, मी पाचवीत. तिची शाळा बंद झाली आणि ती आईबरोबर विड्या वळायला बसली, मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, दोघी मिळून दिवसाला दीड हजार विड्या, आणि त्यातून माझ्या वह्या, क्लास, पुढं डिप्लोमाची फी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशीच्या डोळ्यात पाणी आलं. अक्का मात्र उठून आत भांडी आवरायला गेली.

रात्री विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, "त्याग त्याग काय लावलायस, त्याग मी कधी केला? मला कुणी विचारलं होतं का? एक दिवस दप्तर माळ्यावर गेलं आणि सूप मांडीवर आलं, एवढंच."

रागावून नाही बोलली, शांतपणे बोलली, तेच जास्त लागलं मला.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. देवीला बोकड कापला की बळी, पेपरात अपघाताचे तीन बळी, कुंबळेनं १९९९ ला दिल्लीत पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेट काढल्या तेपण दहा बळी, हुतात्म्यांचं बलिदान, ईदची कुर्बानी, आईचा त्याग, बुद्धिबळात प्याद्याचा बळी. इतके शब्द आहेत आपल्याकडं तर अक्काचं जे झालं त्याला यातला कुठला शब्द? आणि मी त्या दिवशी काय बोलायला पाहिजे होतं?

चौसष्ट_घरं :

दादा, मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, तेवढ्यापुरतंच सांगतो.

आमच्यात स्पीलमन नावाचा ऑस्ट्रियन खेळाडू होऊन गेला, त्यानं बळीचे दोन प्रकार केले, एक खोटा आणि एक खरा. खोटा म्हणजे वजीर दिलास पण पुढच्या तीन-चार चालीत मात आहे किंवा माल व्याजासकट परत येणार आहे, हे हिशोबानं दिसतंय, म्हणजे ती गुंतवणूक झाली. खरा म्हणजे मोहरं गेलं, बदल्यात नुसता हल्ला मिळाला, जिंकू का हरू ते दिसत नाहीये आणि तरी देतोयस. मुलं पहिला प्रकार पटकन शिकतात. दुसऱ्याला हात थरथरतो त्यांचा.

१८५१ ला लंडनमध्ये अँडरसननं एका डावात एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर दिला आणि उरलेल्या दोन घोडे-एक उंटावर मात केली, त्या डावाला आजही अमर डाव म्हणतात. मी तो दरवर्षी नवीन बॅचला दाखवतो. एकदा एका लहान मुलीनं विचारलं, "सर, पण मेला तर हत्ती ना, नाव अँडरसनचं कसं?" मला उत्तर आलं नाही. म्हणजे ते लाकूड आहे, त्याला काय वाटणार, हे बरोबरच आहे, पण घरात माणसांना आपण तसंच हलवतो आणि मग डाव जिंकला की भाषण करतो, हे तुमची पोस्ट वाचून मला पहिल्यांदा कळलं.

याच्या उलट क्रिकेटमधला नाइट वॉचमन बघा. संध्याकाळी शेवटच्या पाच-सात षटकांत विकेट पडली की चांगला बॅट्समन वाचावा म्हणून बॉलरला पुढं पाठवतात. तोही एक प्रकारचा बळीच, पण त्याला कॅप्टन सांगतो, तो पॅड बांधतो, आपण कशासाठी चाललोय हे त्याला माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे बॅट त्याच्याच हातात असते. २००६ ला बांगलादेशात गिलेस्पी असाच नाइट वॉचमन म्हणून गेला आणि नाबाद २०१ करून आला! प्याद्याला अशी संधी कोण देतं.

हां, प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर वजीर होतं, एवढं मात्र आहे.

पार्क_चौक :

एवढा विचार कशाला करताय, त्या काळात प्रत्येक घरात थोरल्या पोरीनं हेच केलंय, आमच्याबी घरात. कोण कुणाला विचारत बसत नव्हतं. अक्काला एक चांगली साडी घ्या, पाया पडा, विषय संपला.

शेंगाचटणी :

@पार्क_चौक भाऊ, प्रत्येक घरात झालं म्हणून तर विचारायला पाहिजे ना. आणि थोरल्या "पोरीनं" असं तुम्हीच लिहिलंय, थोरल्या पोरानं नाही. विषय तिथंच सुरू होतो की.

होम_मैदान :

निवृत्त संस्कृत शिक्षक आहे, थोडं विस्तारानं लिहितो.

संस्कृतात बलि या शब्दात मुळात रक्त नाही. बलि म्हणजे वाटा, भाग, जो आपण आपल्यातून काढून दुसऱ्याला देतो. राजाला द्यायच्या करालाही बलिच म्हणत. जेवणाआधी कावळ्याला काढून ठेवतो तो काकबळी, आणि तुम्ही चौकात ठेवून आलात तो भातही त्याच अर्थानं बळी. यज्ञातही द्रव्य आणि देवता असून भागत नाही, तिसरा लागतो त्याग, म्हणजे आहुती टाकताना यजमान तोंडानं म्हणतो "इदं न मम", हे माझं नाही. हे तीन शब्द ज्याचं आहे त्यालाच म्हणता येतात. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून "इदं न मम" म्हणता येत नाही हो!

पुढं प्राणी आला, आणि प्राण्यांतही कोण आला? जुनं सुभाषित आहे, घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच नको, शेळीचं पोर द्या, "देवो दुर्बलघातकः", देवसुद्धा दुबळ्यालाच मारतो. लहानपणी हे पाठ करताना गंमत वाटायची, आता वाटत नाही. गाडगेबाबा कीर्तनात पोटतिडकीनं बळीच्या विरोधात बोलायचे ते याचसाठी.

आता आपल्या सोलापूरचं. हु म्हणजे अग्नीत अर्पण करणे, या धातूपासून होम, हवन, आहुती, आणि हुतात्मा हाही शब्द त्याच धातूचा. म्हणजे आपलं होम मैदान आणि आपले चार हुतात्मे एकाच मुळातून आलेत. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी होम होतो, बाजरीच्या कडब्याची पेंढी करून तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र, बांगड्या घालतात आणि अग्नीला देतात. ती कुंभारकन्या. तिला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लाव म्हणून सांगितलं, आणि पुढं तिनं अग्नीत देह ठेवला अशी कथा. मी दरवर्षी जातो. शालू पेटतो तेव्हा एवढा गर्दीचा आवाज असतो तरी मला त्या मुलीचं वाईट वाटतं, कथेत ती स्वतःहून गेली असं असलं तरी.

आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याला फाशी दिली. जीव सरकारनं घेतला, पण चळवळीत ते आपल्या पायांनी आले होते, म्हणून आपण त्यांना सरकारचे बळी म्हणत नाही, हुतात्मा म्हणतो. तुमच्या अक्काच्या बाबतीत पाय तिचे नव्हते. माझ्या मते तिच्या वाट्याचं शिक्षण तुम्हाला मिळालं, हे साधं वाक्य त्या पंगतीत बोलायला हवं होतं. आईवडलांना दोष देत नाहीये, गिरणी बंद पडलेल्या घरात काय होतं ते मी माझ्या वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून बघितलंय, आणि ते बाक बहुतेक मुलींच्याच बाजूचे असायचे.

नई_जिंदगीवाली :

सरांनी कुर्बान हुसेन यांचं नाव घेतलं म्हणून लिहावंसं वाटलं. कुर्बानी शब्द अरबीतल्या ज्या मुळातून येतो त्यातूनच करीब येतो, म्हणजे जवळ. कुर्बानी म्हणजे जवळ जाणं, अल्लाहच्या जवळ. कापणं हा अर्थ त्या शब्दात नाहीच. कुराणात स्पष्ट आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमची निष्ठा पोचते. म्हणूनच मटणाचे तीन वाटे करायची पद्धत आहे, घरचा, नातेवाईक-शेजाऱ्यांचा आणि गरिबांचा. अम्मी गरिबांचा वाटा आधी काढायची, आमचा सगळ्यात शेवटी, हाडं जास्त आली तरी चालेल म्हणायची.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हजरत इब्राहिम यांना स्वप्न पडलं की मुलाला कुर्बान करतोय. बायबलमध्येही ही गोष्ट आहे, तिथं मुलगा इसहाक, आणि तो डोंगर चढताना विचारतो की लाकडं आहेत, विस्तव आहे, पण कोकरू कुठाय, तर बाप म्हणतो देव बघून घेईल. मुलाला सांगत नाही. कुराणात मात्र इब्राहिम मुलाला, आम्ही इस्माईल मानतो, स्वप्न सांगतात आणि विचारतात की बघ, तुझं काय मत आहे? आणि मुलगा म्हणतो, अब्बा, जो हुकूम झालाय तो करा. मग तो वाचतो, त्याच्या जागी मोठी कुर्बानी दिली जाते. लहानपणी ईदला हे ऐकताना माझं सगळं लक्ष सुरीकडं असायचं. लग्नानंतर एकदा ऐकलं तेव्हा तो "तुझं काय मत" कानात अडकला. प्रत्यक्ष अल्लाहचा हुकूम आलेला माणूससुद्धा मुलाला विचारतो.

माझंपण बारावीनंतर थांबलं, भावाच्या लूमसाठी पैसे लागत होते. मला अब्बांनी समोर बसवून विचारलं होतं. मी हो म्हणाले, रडले, पण हो म्हणाले. मला आजपण वाईट वाटतं पण राग नाही. तुमच्या अक्काच्या आणि माझ्यात फरक तेवढाच आहे दादा, आणि तो लहान नाहीये.

शेंगाचटणी :

ताई काय लिहिलंत ओ.

मूळ प्रश्नवाल्या दादांना एक सांगते, त्याग म्हटलं की हिशोब मिटतो. टाळ्या वाजल्या, तिला देवी केली, आता देवीला कोण विचारणार तुला काय पायजे. देणं म्हणा, मी अक्काचं देणं लागतो म्हणा, मग पुढं काहीतरी करावं लागतं. अक्काला अजून शिकायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, वय आडवं येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला मात्र शोधून ठेवा. पण शिकायचंच असंही ठरवू नका तुम्ही तिच्या वतीनं. आधी विचारा.

गिरणीचा_भोंगा :

सगळ्यांचे मनापासून आभार. नई_जिंदगीवाली ताई, तुमचं मी चार वेळा वाचलं.

काल रविवारी कुंभारीला गेलो होतो, अक्का आणि आई तिथं विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत राहतात. विड्या अजून वळते ती, माझ्याकडं ये म्हटलं तर येत नाही. ती सुपावरच होती, मी समोर खाली बसलो आणि विचारलं, अक्का, तेव्हा आप्पांनी तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

बराच वेळ काही बोलली नाही, सात-आठ विड्या झाल्या असतील मधे. मग म्हणाली, "हो म्हणाले असते की. घरात दिसत होतं ना सगळं. पण वर्षभर थांबा म्हणाले असते, दहावी होऊ द्या म्हणाले असते." आई तिथंच होती. आई म्हणाली, "मलाबी कुणी विचारलं नव्हतं गं." मग दोघी गप्प बसल्या आणि मला कुणाकडं बघावं कळेना.

मी सांगितलं तिला की तुझ्या वाट्याचं मला मिळालं, हे मी आता त्याच पाहुण्यांसमोर बोलणार आहे. तर म्हणाली पाहुण्यांचं राहू दे, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पान कापताना दिसत नाही, ते आधी बघ. १७ नंबरचं पण काढलं मी. हो नाही म्हणाली नाही, पण उठून पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यात शाळा सोडल्याचा दाखला होता, घडी घातलेला, कडा फाटल्यात पण अक्षर स्पष्ट आहे. इतकी वर्षं ठेवलाय तिनं.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं चाललोय. फॉर्म यंदा कधी सुटतात आणि कडा फाटलेला दाखला चालतो का, कुणाला माहीत असेल तर सांगा.