'इच्छामरण', 'इच्छापत्र' की 'मृत्युपत्र'?

गोदाकाठ: पंचवटीतल्या ज्येष्ठांसाठी 'लिव्हिंग विल'चं, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या कागदाचं, माहितीपत्रक करतोय. मसुद्यात एका ठिकाणी 'इच्छामरणाचा अर्ज' आहे, दुसरीकडे 'इच्छापत्र'. कोणता शब्द ठेवावा?

शब्दवेडा: 'इच्छामरण' आधी खोडा. ते भीष्मांचं वरदान, म्हणजे मरणाची वेळ आपण ठरवायची. या कागदात वेळ आजारच ठरवतो. आपण फक्त सांगतो की तेव्हा कोणतं यंत्र लावू नका. 'प्रायोपवेशन'ही नको. आपल्या भगूरच्या सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्नपाणी आणि औषध सोडलं, ते शुद्धीवर असताना, स्वतःहून. लिव्हिंग विल उपयोगी पडतं ते माणसाला स्वतः सांगता येत नाही तेव्हा. 'दयामरण' म्हटलं की लोकांना इंजेक्शन आठवतं, आणि ते आजही गुन्हाच आहे.

मेनरोड: 'इच्छापत्र'ही नुसतं नको. 'मृत्यू' हा शब्द नको वाटतो म्हणून वकील मंडळी मृत्युपत्रालाच इच्छापत्र म्हणतात. मग मुलं हा कागद सातबारा आणि एफडीच्या पावत्यांबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचं, हे माणूस असताना वाचायचं. रात्री दोन वाजता आयसीयूत विचारणा झाली तर लॉकर कोण उघडणार? 'वैद्यकीय इच्छापत्र' लिहा, गोंधळ मिटतो. 'आगाऊ वैद्यकीय निर्देश' बरोबर आहे, पण आजीला ते साहेबाचं पत्र वाटेल.

गोदाकाठ: आणि 'मुखत्यारपत्र'? बरेच जण म्हणतात, मुलाच्या नावे ते आहेच की.

मेनरोड: उपयोग नाही हो. देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्यारपत्र संपतं, आणि इथे गरज नेमकी तेव्हाच लागते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपल्या वतीने निर्णय घेणारी एकाहून जास्त माणसं नेमता येतात. ती नेमाच, एकुलता एक मुलगा परदेशात असला तर अडतं. प्रती त्या माणसांना, फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, शहरात असाल तर महानगरपालिकेत. ही शेवटची प्रत लोक टाळतात. कागद खरा की खोटा याची खातरजमा हॉस्पिटल तिथून करू शकतं. मत बदललं तर लेखी रद्द करता येतं.

शब्दवेडा: पत्रकात 'हॉस्पिटल लगेच ऐकतं' असं लिहू नका. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं, शिवाय कागदात नेमलेल्या माणसांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं.

सिन्नरकर: नमुन्यातलं 'मला नळ्या नकोत' हे वाक्य आधी बदला. नळी कोणती? घशातली व्हेंटिलेटरची, नाकातली अन्नाची, की लघवीची? लघवीची नळी बऱ्याचदा आराम देते. तुंबलं तर म्हातारा माणूस तळमळतो. 'त्रास देऊ नका' हेही मोघम, त्याचा अर्थ प्रत्येक नातेवाईक आपापल्या सोयीने लावतो. एकेक नाव घ्या: छाती दाबून हृदय सुरू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून अन्न. आणि 'लावू नये' एवढंच लिहू नका, 'लावलं असल्यास काढावं' हेही हवं. घाईत आधी लावलं जातं, मग काढायचं कुणी यावर घर अडतं.

गोदाकाठ: 'उपचार बंद करावेत' चालेल का?

सिन्नरकर: नको. घरचे त्याचा अर्थ 'आता बघायचंच नाही' असा घेतात. वेदनेचं औषध, धाप कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं हे सगळं चालूच राहायचं असतं. 'पॅलिएटिव्ह'ला 'परिहार सेवा' म्हणतात, पण पत्रकात 'आरामाचे उपचार' लिहा, पंचवटीत ते लगेच कळेल.

गोदाकाठ: मग वाक्य असं करतो: 'मी बरा होण्यासारखा नाही असं डॉक्टरांचं मत झाल्यास मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा, आरामाचे उपचार शेवटपर्यंत द्यावेत.'

शब्दवेडा: 'मी बरा/बरी' करा. आज्याही सही करणार आहेत.